फ्रिजच्या दारावरचा शेवटचा चौकोन

माझ्या पार्लरमधल्या फ्रिजच्या दारावर रेघांचं एक झाड आहे. डावीकडे आठ फांद्या, त्यांच्या पुढे चार, मग दोन, आणि टोकाला एक रिकामा चौकोन. लिंबू, सोडा, नेलपॉलिश काढायचं औषध, सगळं घासून पाहिलं, जात नाही. आणि हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. कूपर्स बेंडमध्ये ज्याचा फ्रिज एकदा तरी बिघडला, त्याच्या दारावर हे झाड आलंच. गावात फ्रिज दुरुस्त करणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे भावजी, थर्मन सग्ज.

भावजी उंच, कान मोठे, आणि एरवी तोंडातून शब्द निघायची मारामार. चर्चमध्ये त्यांना प्रार्थना म्हणायला सांगितली तर ते थेट 'आमेन' म्हणून खाली बसतात. पण फ्रिजच्या मागे डोकं घातलं की त्यांना वाचा फुटते. "गॅस गळतोय, नेटी," असं म्हणायचं आणि त्याच दमात, "आणि समितीला लाज नाही." मग खिशातून काळी तेलकट पेन्सिल निघते आणि आपल्याला आपल्याच फ्रिजचं दार उघडायची चोरी होते. दूध आत, आपण बाहेर, आणि मध्ये भावजींची बाद फेरी.

या वेडाचं मूळ आमच्या कासवांत आहे. कासवं म्हणजे कूपर्स बेंड कॉलेजची फुटबॉल टीम. आमची लीग बारा छोट्या कॉलेजांची. मोसम संपला की पाच जणांची समिती एका हॉटेलात दार लावून कोळंबी खात बसायची आणि बाद फेरीसाठी चार टीम निवडायची. एका वर्षी कासवं एकही सामना हरली नाहीत, तरी समितीने त्यांना वगळलं. कारण काय दिलं, तर जिंकतात खरी, पण खेळताना डोळ्यांना बरी दिसत नाहीत. अहो, मुलगी नाकारतानाही माणसं पत्रिकेचं नाव पुढे करून वेळ मारून नेतात. इथे तेवढीही रीत नाही.

गावाने आठवडाभर शिव्याशाप दिले. मग हरणांच्या शिकारीचा मोसम लागला आणि सगळे पुरुष बंदुका घेऊन रानात गेले. भावजी तेवढे घरी राहिले आणि माझ्या ताईच्या, म्हणजे वर्लीनच्या, फ्रिजवर त्यांनी पहिलं झाड काढलं.

मला ते पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा माझ्या खुर्चीत पोस्टातल्या बाई अर्धे केस रंगवून बसल्या होत्या.

"ऐक," भावजी म्हणाले. "समिती नको. कोण कसं दिसतं ते नको. तू कुणाला हरवलंस आणि त्यांनी पुढे कुणाला हरवलं, एवढंच मोजायचं. पहिल्या आठ टीम आत. जी वरची, तिला घरचं मैदान."

"मग पाहुण्यांनी काय घोडं मारलंय?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

भावजींचा चेहरा खुलला. हा प्रश्न कुणी विचारत नाही. "पाहुण्यांनी वेळ निवडायची. एक ते पाचमधली कुठलीही. घरचे आपल्या उशीवर झोपून उठलेले, आणि पाहुणे बसमध्ये मान आखडून आलेले. त्यांनी उतरावं, पाय मोकळे करावे, आणि मग सांगावं, सामना किती वाजता. त्याआधी नक्की काहीच नाही."

"भावजी, असं असेल तर लोकांनी जेवायचं कधी?"

"न्याय झाल्यावर," ते म्हणाले आणि फ्रिज भिंतीला सरकवून निघून गेले. पोस्टातल्या बाईंचे केस तोवर जांभळे झाले होते.

टोकाच्या चौकोनाबद्दल मात्र ते फार कडक. तिथे नाव लिहायचं ते शेवटचा सामना जिंकणाऱ्याचं, त्याआधी कुणाचंही नाही. ताईने एकदा हौसेने तिथे 'कासवं' लिहिलं तर तिला ऐकवलं, "खेळल्याशिवाय नाव नाही." त्यांची मुलगी रेलिन लहानपणी स्टुलावर चढून त्या चौकोनात मोठ्या वाकड्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहायची. भावजी रोज कामावरून आले की टर्पेंटाइनच्या बोळ्याने ते पुसायचे. "बाबा, मी कधी जिंकणार?" ती विचारायची. "आधी खेळावं लागतं, बाळ," ते सांगायचे. कुठल्या खेळात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. टर्पेंटाइनने जातं हेही मला कधी सांगितलं नाही, पण तो वेगळा राग आहे.

योजना खरंच चालते का हे बघायला त्यांनी ती चर्चच्या सहलीत बटाट्याच्या सॅलडवर लावली. दरवर्षी पहिला नंबर पाद्रीणबाईंचा असायचा, कारण निकाल पाद्रीबुवा द्यायचे. भावजींनी वाट्या झाकल्या, चाखणाऱ्यांचे डोळे बांधले, जोड्या लावल्या. पाद्रीणबाई पहिल्याच फेरीत गारद. ताई पण गारद. जिंकला विधुर लमार. मग तो ओशाळून म्हणाला की सॅलड दुकानातलं आहे, मी फक्त आमच्या भांड्यात ओतून आणलं.

"नियमात चव आहे, स्वयंपाक नाही," भावजी म्हणाले आणि चषक लमारच्या हातात दिला.

"निदान मला एक फेरी तरी पुढे न्यायचंस, थर्मन," ताई गाडीत म्हणाली.

"तुला हरवणारी वाटी खरंच चांगली होती, वर्लीन."

ताईने महिनाभर घरात बटाटा आणला नाही. पाद्रीणबाई अजून माझ्याकडे केस कापायला येत नाहीत, आणि मी तर नुसती मेहुणी.

पुढे लीगच्या कार्यालयातला फ्रिज बंद पडला. तो दुरुस्त करायला कोण जाणार, हे सांगायला नको, आणि दारावर काय उरलं, तेही. त्यानंतर वर्षभराने समितीतल्या एकाने आपल्या भाच्याच्या टीमला आत घुसवल्याचं उघड झालं, समिती मोडली, आणि लीगचे सचिव पर्डी डोकं धरून थंड पाणी घ्यायला उठले. समोर आयती योजना होती. भावजींनी तळाशी पहिल्या फेरीची तारीखसुद्धा घातली होती, डिसेंबरचा दुसरा शनिवार. पर्डींनी जशीच्या तशी उतरवून घेतली.

भावजींना ही बातमी फोनवर कळली. ते "बरं" म्हणाले, फोन ठेवला, आणि अंगणात जाऊन व्हॅनच्या टपावर चढून बसले. ताईने खाली बोलावलं तर म्हणाले, जरा वेळ बसू दे.

त्याच वसंतात रेलिनचं ठरलं. मुलगा कोल्बी, चाऱ्याच्या दुकानात कामाला. पण गावात त्याचा मान वेगळ्याच गोष्टीमुळे आहे. सामन्याआधी आमचं जिवंत कासव ढकलगाडीतून मैदानाभोवती फिरवतात, ती ढकलगाडी कोल्बीची. कासवाचं नाव डीकन. चावरं आहे. कोल्बीच्या उजव्या हाताची करंगळी जरा आखूड आहे ती त्यामुळेच.

आमच्याकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी कुणी लग्न करत नाही. मरणारेसुद्धा शक्यतो आठवड्याच्या मधला वार बघतात. म्हणून रेलिनने फुटबॉल आटोपल्यावरचा, डिसेंबरचा दुसरा शनिवार धरला, दुपारी एक वाजता. ज्या टेबलाशी बसून भावजींनी ती तारीख कॅलेंडरवर गोल केली, त्याच्या समोरच फ्रिज होता.

गंमत अशी, की दोन्ही तारखा सगळ्या गावाला पाठ होत्या आणि कुणालाच काही वाटलं नाही. त्या वर्षी कासवं धड खेळत नव्हती. हरत, धडपडत, कशीबशी काही सामने जिंकली. जुन्या समितीने तर त्यांना दारातही उभं केलं नसतं. पण ज्यांना आम्ही हरवलं त्यांनी पुढे भलभलत्यांना हरवलं होतं. मोसमाच्या शेवटी भावजींच्या हिशेबाने कासवं चौथी आली. म्हणजे घरचं मैदान. म्हणजे पाचवी आलेली बेल्फोर्डची टीम, खेचरं, आमच्याकडे.

रविवारी पाद्री क्लोव्हिस व्यासपीठावरून सूचना वाचत होते. "येत्या शनिवारी एक वाजता आपल्या रेलिनचं लग्न. सर्वांनी यावं. त्याच दिवशी, देवाच्या कृपेने, शेजारच्या मैदानावर आपल्या कासवांचा…" आणि ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, कागदात बदल नव्हता. सगळं चर्च वळून भावजींकडे बघायला लागलं.

"थर्मन," ताई हळूच म्हणाली, पण शांतता इतकी होती की मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "तारीख तू काढलीस ना? मग तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

भावजी खोटं बोलत नाहीत, हेच त्यांचं वाईट आहे. "आलं होतं," ते म्हणाले. "पण मला वाटलं, आपली टीम कुठली येतेय."

चर्चमध्ये उसासा उठला. मुलीच्या लग्नाचा विचार केला नाही हे लोकांनी पोटात घातलं असतं. कासवांवर विश्वास नव्हता, आणि तेसुद्धा देवाच्या घरात बोलून दाखवलं, हे फार झालं. लमार उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

लग्न पुढे-मागे ढकलणंही जमेना. कोल्बीला या जगात नातलग एकच, त्याची आजी, आणि तिची बस टेक्सासहून शनिवारी बाराला पोचायची. रविवारी पाद्रीबुवा लग्न लावत नाहीत. आणि सामन्याच्या दिवशी अख्खं गाव पहाटेपासून मैदानाबाहेर शेगड्या पेटवून बसतं. तिथून उठवून कुणाला लग्नाला आणणं म्हणजे डीकनकडून करंगळी परत मागणं. रेलिन दिवसभर खोलीतून बाहेर आली नाही. तिचा पांढरा झगा दारामागे लटकत होता आणि ताई तीनशे माणसांच्या केळ्याच्या पुडिंगचं सामान बघून डोळे पुसत होती.

सोमवारी पर्डींचा फोन आला. मी तिथेच होते. "सग्ज, योजना तुमची, मुलगी तुमची. तुम्ही नुसता शब्द टाका, मी इथून हुकूम काढतो, सामना पाच वाजता."

"वेळ पाहुण्यांनी निवडायची," भावजी म्हणाले.

"अहो, एकदा वाकवला नियम तर आभाळ कोसळतं का?"

"भाच्यासाठी वाकवला तेव्हा तुम्ही समिती मोडलीत ना, पर्डीसाहेब?" भावजींनी फोन ठेवला. मी त्यांना म्हटलं, भावजी, तुमच्यासारखा बाप दुश्मनालाही मिळू नये. हे मी मनापासून म्हटलं होतं. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "विनंती करू नये असं मात्र नियमात नाही."

म्हणून मंगळवारी आम्ही दोघं त्यांच्या व्हॅनमधून डोंगर ओलांडून बेल्फोर्डला गेलो. खेचरांचा सगळा कारभार ऑटलीन क्रॅबट्री नावाच्या बाईंकडे आहे. वय झालेलं, केस पांढरे, पण सुरेख सेट केलेले. मी आधी तेच पाहिलं. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात एक जुना फ्रिज खडखडत होता. भावजींनी खुर्चीत बसता बसता त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा कान लाल झाला.

मी सगळी हकिगत सांगितली. आजीची बस, झगा, पुडिंग, काही सोडलं नाही.

"वाईट वाटतं," ऑटलीनबाई म्हणाल्या. "पण मी एकच वाजता सांगणार आहे. पाचला खेळले तर माझ्या पोरांना अंधारात घाट उतरावा लागेल. सग्जसाहेब, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

मी टेबलाखालून भावजींच्या नडगीवर लाथ मारली.

"एकच निवडला असता," भावजी म्हणाले. "तो घाट वाईट आहे. मी आत्ताच आलो त्यावरून."

फ्रिजने एक आचका दिला.

"हा गेले चार महिने असा ओरडतोय," ऑटलीनबाई म्हणाल्या. "तुमचा हाच धंदा ना? जरा बघता का?"

भावजींचे हात गुडघ्यांवर होते ते त्यांनी घट्ट आवळले. त्या माणसाला इतकं कासावीस झालेलं मी त्याच्या आईच्या दफनाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "शनिवारनंतर बघतो," ते म्हणाले. "आत्ता हात लावला तर ती लाच होईल."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. घाट उतरल्यावर तेच म्हणाले, "मागचा रबर झिजलाय. म्हणून खडखडतो." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शनिवार उजाडला. मैदानाबाहेर धूर, बरगड्या भाजल्याचा वास, बँडचा गोंगाट. शेजारीच चर्च, आणि आत बाकांवर आम्ही घरचे तेवढे. कोल्बीच्या बाजूला त्याची आजी एकटी, मांडीवर पर्स घेऊन. कोल्बीने डीकनला कुणाकडे सोपवायचं म्हणून ढकलगाडीसकट दाराशी आणून ठेवलं होतं. आणि नाणेफेक करायचा मान लीगने योजनेच्या कर्त्याला, म्हणजे भावजींना, दिला होता. सगळं आयुष्य ज्याच्यासाठी फ्रिज खराब केले, तो दिवस.

मी मागच्या खोलीत रेलिनचे केस बांधत होते तेव्हा भावजी टाय लावून आत आले. टाय उलटा होता.

"बाबा, तुम्ही मैदानावर जा," रेलिन म्हणाली. तिने आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. "खरंच जा. मावशी मला आत घेऊन जाईल. तुम्ही नियम मोडला नाहीत त्याचं मला काही नाही. पण तुम्ही इथे थांबून तिकडे कान लावून बसलात, तर ते मला सहन होणार नाही."

"नाणं लमारला देऊन आलो," भावजी म्हणाले. "नाणं काय, कुणीही उडवू शकतं."

रेलिन उठली. तिने त्यांचा टाय सोडवला आणि सुलटा बांधून दिला. मी उगाचच पिना शोधायला वाकले.

एवढ्यात मैदानावरचा कर्णा खरखरला. बेल्फोर्डची बस आली होती, पाय मोकळे झाले होते, आणि आता वेळ जाहीर व्हायची होती. ऑटलीनबाईंचा आवाज चर्चच्या काचांतून स्पष्ट आला. "बेल्फोर्डने वेळ निवडली आहे. चार वाजता."

दोन्ही गावांनी मिळून हुर्यो उडवली. बाईंच्याच माणसांनी जास्त.

"हुर्यो करून झाली असेल तर ऐका," आवाज पुढे म्हणाला. "घाट मी स्वतः बसपुढे गाडी घालून उतरवीन. तीन तास तुम्हाला काही काम नाही. शेजारी लग्न आहे, आणि केळ्याचं पुडिंग आहे. खेळाडूंनी पुडिंगला हात लावायचा नाही. हे फक्त खेचरांना लागू आहे."

चर्च बघता बघता भरलं. कासवांचे हिरवे सदरे आमच्या बाजूला मावले, आणि खेचरांचे पिवळे सदरे जागा नाही म्हणून नवऱ्याच्या बाजूला गेले. आजी मान वळवून बघायला लागली. "कोल्बी, हे सगळे आपले?" तिने विचारलं. "आज आपले," कोल्बी म्हणाला. गर्दीत डीकनची ढकलगाडी पार पुढे ढकलली गेली, आणि त्याने पाद्रीबुवांच्या झग्याचं टोक धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही, त्यामुळे त्यांना नेहमीचा उपदेश आटोपता घ्यावा लागला. डीकनला त्या दिवशी अनेकांनी मनातल्या मनात आशीर्वाद दिले.

सामना आम्ही हरलो. हरणारच होतो. आमच्या पोरांनी तीन तास बरगड्या आणि पुडिंग चापलं होतं, आणि पहिल्याच धावेत आमचा एक दांडगा गडी गवतावर आडवा पडून आभाळाकडे बघत राहिला. नाणेफेक भावजींनीच केली. लमारने नाणं परत आणून दिलं, पण बाकावर शेजारी मात्र अजून बसत नाही. गावाचं म्हणणं, थर्मनने टीमचा घात केला, आणि जो थोडा राहिला तो वर्लीनच्या पुडिंगने केला. सामना संपला तसे भावजी ऑटलीनबाईंकडे गेले आणि विचारलं, "आता येऊ का फ्रिज बघायला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रेलिन आणि कोल्बी प्रवासाला निघायच्या आधी घरी आले. वाटेत खायला उरलेला केक घ्यायचा म्हणून रेलिन फ्रिजकडे गेली आणि दाराच्या कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. ताई आणि मी मागून बघायला गेलो. झाडाच्या टोकाच्या चौकोनात, जिथे शेवटचा सामना व्हायला अजून तीन आठवडे होते, तेलकट पेन्सिलीने लिहिलं होतं, 'रेलिन'. अक्षर भावजींचं.

भावजी फ्रिजमागे वाकून कसला तरी स्क्रू आवळत होते. त्या फ्रिजला काही झालं नव्हतं.

"बाबा," रेलिन म्हणाली. "हे नियमात बसत नाही."

"नाही बसत," फ्रिजमागून उत्तर आलं. "केक वरच्या खणात आहे. दार नीट लाव."